परक्या आजोबांची कोंबडी

मे महिन्यात चीनहून पत्र आलं की तुमचं घराणं संपलं आहे, हरकत असल्यास कळवावं.

मी तेव्हा दुकानात खारवलेल्या माशाचे तुकडे करत होते. मी मेल्विना ल्यू. वय सत्याहत्तर. जमैकाच्या डोंगरातलं हे अख्खं ब्रेडनट हिल मला मिस मेल म्हणतं. तीन मुलं, सात नातवंडं, दोन पणतवंडं आणि सकाळी सहाला उघडणारं दुकान. हातात सुरा, समोर सहा गिऱ्हाइकं, आणि माझी नात केरिस फोनमध्ये बघून मला वाचून दाखवतेय की मी संपले.

"परत वाच," मी म्हटलं.

"आपो, तू संपलीस असं नाही म्हणत ते. आजोबांची शाखा, तुझ्या आजोबांची, ती संपली असं धरून चाललेत."

"मग मी कुठल्या शाखेवर बसलेय? माकड आहे मी?"

गिऱ्हाइकं हसली. मी सुरा आपटला, तशी गप्प झाली.

केरिस टोरोंटोला असते, एप्रिलपासून माझ्याकडे मुक्कामाला आलेली. नोकरी कॉम्प्युटरची. इतर मुली त्या वयात नवरा शोधतात, हिने पणजोबांचे वडील शोधायला घेतले. बोटीच्या याद्या काढल्या, आमच्या आजोबांचा १९०७ सालचा दुकानाचा परवाना काढला, आणि शेवटी चीनमधलं आमचं हक्का लोकांचं गावसुद्धा काढलं. त्या गावात ल्यू घराण्याचं पुस्तक आहे. दर तीस वर्षांनी नवं छापतात. त्यात आजोबांचं नाव, त्याखाली 'जमैकाला गेला', आणि त्याखाली कोरं. आता नवी आवृत्ती छपाईला चालली होती. ज्याच्याखाली नावं येणार नाहीत, त्याच्याखाली एकच अक्षर छापतात. त्याचा अर्थ 'थांबलं'.

माझ्या आजोबांच्या खाली 'थांबलं'! ज्या माणसाने डोंगरात खेचरावरून पिठाची पोती वाहून दुकान थाटलं, आदासा नावाच्या काळ्या, उंच, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या बाईशी संसार केला आणि आठ मुलं वाढवली, त्याच्याखाली, जणू काही बोटीतून उतरला आणि खड्ड्यात पडला!

"काय पाहिजे त्यांना?" मी विचारलं.

तीन गोष्टी पाहिजे होत्या, महिनाअखेरच्या आत. एक, सगळ्यांची नावं. दोन, आजोबांच्या थडग्याचा फोटो, अक्षरं दिसतील असा, कारण दगडावर मूळ गाव कोरलेलं असतं आणि तोच पुरावा. तीन, शाखेतल्या सर्वांत मोठ्या जिवंत माणसाची सही. चिनी अक्षरांत, स्वतःच्या हाताने.

"पहिलं घे लिहून," मी म्हटलं. "दुसरं तर तुझ्या फोनमध्येच आहे."

तिसऱ्या गोष्टीवर मी माशाकडे वळले.

दुसरं फोनमध्ये होतं, कारण एप्रिलमध्येच आम्ही ग सान करून आलो होतो. ग सान म्हणजे आमचा पितरांचा दिवस. डोंगराच्या पायथ्याशी आमच्या लोकांचं कबरस्तान आहे. तिथे जायचं, थडग्यावरचं तण काढायचं, लाल कागद ठेवून वर दगड ठेवायचा, उदबत्त्या लावायच्या, आणि जेवण मांडायचं. मी आजोबांसमोर अख्खी उकडलेली कोंबडी मांडते, सुकवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मांस मांडते, आणि तीन पेले पांढरी रम. या परगण्यात माझ्याइतकं साग्रसंगीत ग सान कोणी करत नाही. बाकीचे संत्री ठेवून पळतात. गिल्बर्टचं वादळ झालं त्या वर्षी वडील गेले. पुढच्या एप्रिलपासून हे माझ्याकडे आलं. मधुमेह झाला, गुडघा बदलला, पण एक वर्ष चुकवलं नाही.

केरिसने फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. तिने ते आधी मनात वाचलं आणि तिचं तोंड उतरलं.

"आपो, तू बस जरा."

"मी बसून कधी काही ऐकलं नाहीये. वाच."

"'फोटो मिळाला. थडगं फार छान राखलं आहे. कोंबडी उत्तम दिसते. परंतु हे गृहस्थ आमचे नाहीत. दगडावर यप आडनाव आहे आणि गाव वेगळं आहे. कृपया आपल्या आजोबांचा फोटो पाठवावा.'"

मी बसले.

ब्रेडनट हिलवर यप एकच. रस्त्याच्या पलीकडे, माझ्या दुकानासमोर, हिरव्या पत्र्याचं दुकान. क्लॅरिस यप.

क्लॅरिसबद्दल सांगायला हवं. तिचे आईबाप दोघेही चीनहून आलेले, म्हणून ती स्वतःला बाराच्या ठोक्याची समजते. आमच्यासारख्या मिश्र रक्ताच्यांना जुने हक्का 'अकरा वाजलेली' म्हणायचे, म्हणजे पुरे बारा नाहीत. लहानपणी तिने मला हे ऐकवलं तेव्हा मी म्हटलं होतं, "निदान माझे बारा तरी नाही वाजले." तिथपर्यंत हिशेब बरोबरीत होता. पण क्लॅरिसला किंग्स्टनच्या चिनी शाळेत घातलं. आमच्या घरून भाऊ गेले. मी गेले नाही. वडील म्हणाले, दुकान कोण बघणार? भाऊ अक्षरं शिकले, मायामीला गेले, अक्षरं विसरले आणि मेले. मी इथेच आहे, आणि इंग्रजीसुद्धा मला डब्यावरच्या चिठ्ठीपुरतंच येतं.

चौसष्ट साली नव्या वर्षाच्या जेवणाला आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये कोणीतरी लग्नाची लाल पत्रिका फिरवली. सगळे वाचून पुढे देत होते. माझ्याकडे आली. मीही चेहरा गंभीर केला, मान डोलावली, जरा वेळ घेतला. आणि चाळीस माणसांसमोर क्लॅरिस म्हणाली, "मेल, उलटी धरलीयस."

तेव्हापासून एकोणसाठ वर्षं आम्ही बोलतो ते तिसऱ्या माणसामार्फत. "त्या समोरच्या बाईंना सांगा, त्यांची बकरी माझ्या दारात आलीय." सांगणारा मधे उभा असतो आणि दोघींनाही सगळं ऐकू येत असतं.

त्या दिवशी मधे कोणी नव्हतं. मी रस्ता ओलांडला. केरिस मागून धावत आली.

क्लॅरिस दाराशी खुर्चीत बसली होती. मोतीबिंदूने तिचे डोळे दुधाळ झालेत, पण पावलांवरून माणूस ओळखते.

"आलीस?" ती म्हणाली. "पस्तीस वर्षं लागली."

मी दाराची चौकट धरली.

"तुम्हाला माहीत होतं?" केरिसनेच विचारलं.

"मला वाचता येतं, बाळ," क्लॅरिस म्हणाली. "गिल्बर्टनंतरच्या एप्रिलात मी चोरून गेले होते, संत्री घेऊन. बघते तर माझ्या आजोबांसमोर अख्खी कोंबडी! रम! डुक्कर! वासावरूनच कळलं कोणाचं ते. तुझी आजी सगळ्या परगण्यात एकटीच मोहरीच्या पाल्यात साखर घालते."

"आणि तू बोलली नाहीस?" मी ओरडले. "माझी कोंबडी तुझ्या म्हाताऱ्याला जात होती आणि तू बोलली नाहीस?"

"का बोलू? माझा नवरा चर्चचा डीकन. मेलेल्यांना जेवण घालणं म्हणजे त्याला सैतानाची पंगत. माझ्याकडून आजोबांना दोन संत्री आणि एक प्रार्थना मिळाली असती. तुझ्याकडून डुक्कर मिळत होतं. तू माझ्या जागी असतीस तर बोलली असतीस?"

नसते. पण ते तिला कशाला सांगा.

"डीकन जाऊन सहा वर्षं झाली," मी म्हटलं. "मग का नाही बोललीस?"

"तोवर डोळे गेले. आता डुक्कर कोण शिजवणार? शिवाय आजोबांना सवय झाली होती. मागे स्वप्नात आले होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मीठ कमी."

केरिसने मधे हात घातला म्हणून, नाहीतर त्या दिवशी कबरस्तानात क्लॅरिस यप तिच्या आजोबांशेजारी थेट मुक्कामालाच गेली असती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो कधी पाहिला नव्हता. तो थडग्यात निघाला, आणि वर मीठ कमी म्हणून तक्रार.

पण रागाने काय होणार? केरिस बोटांवर दिवस मोजत होती. सात राहिले होते. आणि रात्री अंथरुणात मला राग नाही, दुसरंच काहीतरी आलं. माझे आजोबा कुठे होते? मी कोंबडी मांडत होते तिथून चार ओळींवर की दहा? पस्तीस एप्रिल ते माझा आवाज ऐकत असतील. मी मोठ्याने बोलते. "आजोबा, जेवा हं, पोटभर जेवा," असं मी परक्या माणसाला सांगत होते आणि ते तिकडे उपाशी ऐकत होते.

सकाळी आम्ही कबरस्तानात गेलो, तेव्हा घोटाळा कुठे झाला ते कळलं. वडील होते तोवर मी दुकान सांभाळायचे, थडग्यावर कधी गेलेच नव्हते. त्यांनी सांगून ठेवलं होतं: फाटकातून आत, मोठ्या चिंचेपासून तिसरी ओळ, डावीकडून पाचवं थडगं. गिल्बर्टने चिंच पाडली. बुंधा उरला, मी बुंध्यापासून मोजत आले. आता केरिसने नीट पाहिलं तर बुंधे दोन. माझा आंब्याचा होता. आणि चिंचेचा म्हणावा तर तो कुजून मातीला मिळालेला, कुठून मोजायचं तेच कळेना. सगळ्या ओळींत मिळून तीनशेवर दगड. केरिसने एका दगडावर फोन धरला. दगडावर शेवाळ, अक्षरं जुन्या वळणाची. फोनने बराच विचार करून वाचलं: "ओलं बदक सुखी असो."

"क्लॅरिसबाईंना आणू या," केरिस म्हणाली.

"ती बघू शकत नाही आणि मी बोलवू शकत नाही."

"आपो, मी सांगते त्यांना. मी तिसरं माणूस."

क्लॅरिस आली नाही. म्हणाली, खाचखळग्यांत पडले तर आजोबांना आनंद होईल, मला नाही. पण तिने मला बोलावलं. माझ्याच दुकानातला तपकिरी कागद आणायला लावला. जाड शाईचं पेन घेतलं, आणि न बघता, तोंड दाराकडे ठेवून, तीन अक्षरं काढली. ल्यू. फुक. सेन. माझे आजोबा. हाताला पाठ होतं, डोळ्यांची गरजच नव्हती. मी बघत राहिले. मला हेवा वाटला, तो मी गिळला.

"पहिलं अक्षर तुझं आडनाव," ती म्हणाली. "ल्यू खूप असतील तिथे. पण तिन्ही जुळली पाहिजेत. दोन जुळली म्हणून रडत बसू नकोस."

"मी कशाला रडतेय?"

"आणि मेल, वर कुठलं ते लक्षात ठेव."

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा अगदी साधा होता. मी कागद उचलला.

दुपारी मी कागद हातात घेऊन ओळीओळीने फिरले. केरिस एका बाजूने ब्रशने शेवाळ घासत होती, मी दुसऱ्या बाजूने दगडाशेजारी कागद धरून एकेक रेघ ताडून बघत होते. कपाळावर ऊन, पायाखाली लाजाळूचे काटे. दोन ओळी संपल्या, एकसुद्धा ल्यू नाही. असं कसं, आमचे लोक काय कमी मेलेत? केरिस पाण्याची बाटली घेऊन आली आणि माझ्या हाताकडे बघून एकदम खोकायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही, आपो. फक्त... असा धर."

मी उलटा धरला होता. तिला शपथ घातली की ही गोष्ट रस्त्यापलीकडे जाता कामा नये, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

आता ल्यूच ल्यू सापडायला लागले. पहिला भेटला, पण पुढची दोन वेगळी. दुसरा, तिसरा. अक्षर आता मला लांबूनच दिसू लागलं होतं, गर्दीत आपलं मूल दिसतं तसं. सहाव्या ओळीत डावीकडे कोणाची तरी बकरी एका दगडाला बांधलेली होती. मी तिला सोडून हाकललं. दगड वाकडा, वर वेल चढलेली. वेल ओढली. ल्यू. कागद वर धरला. फुक. खालची माती नखाने काढली.

सेन.

मी केरिसला हाक मारणार होते, पण मारली नाही. आधी खाली बसले. नवा गुडघा असा बसत नाही, पण बसला. जवळ कोंबडी नव्हती, रम नव्हती. पिशवीत आम्ही दुपारसाठी घेतलेला गोड बन आणि चीजचा तुकडा होता. माझ्याच दुकानातला, म्हणजे त्यांच्याच दुकानातला. तो मी दगडासमोर ठेवला.

"आजोबा," मी म्हटलं, "चुकून पत्ता बदलला होता. आज हे घ्या. पुढच्या वेळी पाहा काय आणते."

तेवढ्यात बकरीने मागून येऊन अर्धा बन पळवला. मी तिला जे बोलले ते आजोबांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल असं नाही. त्यांच्या घरात आदासा होती.

फोटो गेला. एका दिवसात उत्तर आलं: हे आमचेच. नावं पोचली. आता सही. पाच दिवस.

म्हणजे तिसरी गोष्ट. मला वाटलं होतं केरिस विसरेल.

"फोनमधून बघून काढून देते मी, आपो," ती हळूच म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मी म्हटलं.

मला चिनी नाव आहे. आजोबांनीच ठेवलेलं, न्युक-लान. आजोबा गेल्यावर घरात ते नाव कोणी घेतलं नाही, आणि लिहिलेलं तर मी कधी पाहिलंच नाही. मी पुन्हा रस्ता ओलांडला. या वेळी केरिसला दुकानात बसवून.

"ल्यू येतं मला," मी क्लॅरिसला सांगितलं. "पुढची दोन दाखव."

"माझं काय?"

"तुझं काय?"

"माझ्या आजोबांचं डुक्कर. तू आता तुझ्या म्हाताऱ्याकडे जाशील. माझ्याला एकदम संत्र्यावर आणणार? पस्तीस वर्षांची सवय आहे."

"तुझा म्हातारा, तुझं डुक्कर."

"ठीक आहे. तुझं नाव, तुझी अक्षरं."

मी दाराबाहेर बघितलं. माझ्या दुकानात केरिस कोणाला तरी मासा चुकीच्या बाजूने तोडून देत होती.

"मीठ जास्त घालणार नाही," मी म्हटलं.

"थोडं," क्लॅरिस म्हणाली. "चिमूटभर."

चार संध्याकाळी मी तिच्या काउंटरवर बसले. तपकिरी कागदाचे दोन गठ्ठे संपवले. ती माझ्या मनगटावर बोट ठेवून बसायची, आणि रेघ चुकली की टिचकी. "वरून खाली. आधी आडवी. अगं, ते लान आहे, मोडकी खुर्ची नाही." तिला दिसत नव्हतं, पण हात कुठे अडखळला ते बोटाला कळायचं. गिऱ्हाइकं दारातून बघायची. मिस मेल आणि मिस क्लॅरिस एकाच बाकावर! डोंगरावरून माणसं काही नको असताना काडेपेटी घ्यायला आली. पाचव्या दिवशी मी कोऱ्या कागदावर तीन अक्षरं काढली. वाकडी होती, पण उभी होती. केरिसने पाठवली.

पुस्तक डिसेंबरात आलं. जाड, लाल कापडाचं, विटेएवढं. केरिसने टोरोंटोहून फोन केला: पान चारशे बारा. मी दुकान बंद केलं. गुरुवारी भरदुपारी, हे माझ्या वडिलांच्या अंत्यविधीलाही केलं नव्हतं. पुस्तक पदराखाली धरावं तसं एप्रनखाली धरलं आणि रस्ता ओलांडला.

पान मी घरीच उघडून बघितलं होतं. आजोबा होते. खाली वडील, खाली भाऊ, आणि त्यांच्या ओळीत, त्यांच्याच मापाच्या अक्षरांत, मी. 'थांबलं' कुठेही नव्हतं, निदान मला ओळखू येईल असं. पण मोठ्याने कोणी वाचल्याशिवाय ते खरं वाटेना, आणि वाचणारी एकच होती.

"दे इकडे," क्लॅरिस म्हणाली. खुर्चीत सरळ बसली, घसा खाकरला, पुस्तक हातात घेतलं, मी खूण घातलेलं पान चाचपून मांडीवर उघडलं आणि त्यावर वाकली. जरा वेळ घेतला. मान डोलावली. "हं. हे बघ, हे तुझे आजोबा. मोठं छापलंय. आणि हे खाली..." बोट पानावर सरकत होतं.

मी समोर उभी होते. माझी तीन अक्षरं माझ्याकडे सुलट बघत होती. ल्यू. न्युक. लान. म्हणजे तिच्याकडून ती डोक्यावर उभी होती.

या क्षणाची मी एकोणसाठ वर्षं वाट पाहिली होती. चाळीस माणसं नव्हती, काउंटरवर एक मांजर होतं. चालतं.

"क्लॅरिस," मी म्हटलं, "उलटं धरलंयस."

बोट थांबलं. मांजरसुद्धा थांबलं.

"माहितीये," ती म्हणाली. "तुला ओळखता येतं का ते बघत होते."

खोटारडी. मी पुस्तक तिच्या हातात सुलट करून दिलं, शेजारी बाक ओढला, आणि तिचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं.